पडद्यावरची तारीख

संगणक सुरू करा आणि थोडा वेळ काहीच उघडू नका. हात मांडीवर राहू द्या. विंडोज असेल तर खाली उजव्या कोपऱ्यात, मॅक असेल तर वर, आजची तारीख दिसते आहे. दिवसभरात नजर तिच्यावरून कितीदा तरी जाते, पण थांबत नाही. तारीख दिली म्हणजे ती तशीच असणार, असं आपण धरून चाललेलो असतो. आज तिच्यापाशीच बसायचं आहे.

घाई नको. जिथे काही करून पाहायला सांगितलं आहे, तिथे वाचन थांबवून ते करा आणि मग पुढे या. एक्सेल किंवा लिबरऑफिसचं कोरं पान शेजारी उघडून ठेवलंत तर फार बरं.

पहिल्या सेलमध्ये १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख टाइप करा. आता त्याच सेलचा फॉरमॅट बदला. ‘डेट’च्या जागी ‘जनरल’ निवडा. तारीख नाहीशी होईल आणि १७३९४ हा आकडा दिसेल.

या आकड्याकडे जरा वेळ पाहत राहा. त्यात ऑगस्ट नाही, शुक्रवार नाही, लाल किल्ला नाही. एका ठरलेल्या दिवसापासून मोजत आलो तर या दिवसाचा नंबर एवढा, इतकंच तो सांगतो. यंत्राजवळ एवढीच तारीख असते. दिवस, महिना, वर्ष हे सगळं ते आपल्याला दाखवण्यापुरतं त्या आकड्यावर चढवतं, आणि कसं चढवायचं हे तुमच्या संगणकाच्या सेटिंगमध्ये कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

खालच्या सेलमध्ये १ मे १९६० लिहा, महाराष्ट्र राज्य झालं तो दिवस. त्याचा आकडा २२०३७ येतो. आता मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर ४६४३. हेच गणित कागदावर करायचं तर तीसचे महिने, एकतीसचे महिने, मधली लीप वर्षं असं सगळं धरत बसावं लागलं असतं. इथे एका वजाबाकीत काम झालं.

आता यंत्राकडे न पाहता एवढंच करा. ४६४३ला सातनं भागा. ६६३ आठवडे होतात आणि वर दोन दिवस उरतात. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारपासून दोन दिवस पुढे जा. रविवार. १ मे १९६० रोजी रविवारच होता. तारखांची सगळी गणितं मुळात अशीच असतात: दिवसांना सलग क्रमांक द्यायचे, वजाबाकी करायची, आणि वार जुळतो का ते पाहायचं.

ही सलग मोजणी संगणकाच्या फार आधीची आहे. आपल्या ज्योतिषगणितात तिला अहर्गण म्हणतात. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२च्या १८ फेब्रुवारीला धरायचा आणि तिथपासून किती दिवस गेले ते काढायचं, मग त्या संख्येवरून ग्रहांची स्थानं. मात्र इतक्या मागून मोजत आलं की आकडा प्रचंड होतो. सोळाव्या शतकापर्यंत तो सोळा लाखांच्या पुढे गेला होता. कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला, आणि त्यात हे ओझं उतरवलं. चालू शकातून १४४२ वजा करा, उरलेल्याला अकरानं भागा. जो भागाकार येईल ती झाली चक्रं, प्रत्येक चक्र ४०१६ दिवसांचं. मग रोजच्या गणितात फक्त चालू चक्रातले दिवस हाताळायचे, चार आकड्यांत मावणारे. दिवस काढून झाले की वार ताडून पाहायचा. वार चुकला तर एक दिवस मिळवायचा किंवा कमी करायचा.

इथे जरा थांबावं असं मला वाटतं. पाचशे वर्षांपूर्वी एका माणसानं गणनेचा आरंभ आपल्या कामाच्या सोयीनं निवडला, आणि पंचांग करणाऱ्या कितीतरी पिढ्यांचे कष्ट कमी केले. साधन आपल्या कामाला बेतून घेणं म्हणजे हेच. पडद्यावरचं चित्र आणि आयकॉनचे रंग बदलणं त्यामानानं वरवरचं आहे. मोजायला सुरुवात कुठून करायची हे ठरवणं खोलवरचं आहे, आणि पहिल्या प्रश्नाची जागा तीच आहे.

तुमच्या शीटमधली मोजणी कुठून सुरू होते ते पाहू. एक्सेलमध्ये एका सेलमध्ये १ लिहा आणि त्याला तारखेचा फॉरमॅट द्या. १ जानेवारी १९०० दिसेल. आता ६० लिहा. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. असा दिवस कधी उगवलाच नव्हता. शंभरनं भाग जाणारं वर्ष लीप धरायचं ते चारशेनंही भाग जात असेल तरच. २००० लीप होतं, १९०० नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती. तिथल्या फाइली जशाच्या तशा उघडता याव्यात म्हणून एक्सेलनं ती समजून उमजून ठेवून घेतली, आणि ती आजही तिथेच आहे. लिबरऑफिसनं शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ला धरला, म्हणजे मार्च १९०० पासून पुढचे आकडे दोन्हीकडे सारखे येतात. मॅकवरच्या जुन्या एक्सेलची मोजणी १९०४ पासून आहे. तशा फाइलीतल्या तारखा उचलून दुसरीकडे चिकटवल्या की सगळ्या १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवसानं, सरकू शकतात. कधी एखाद्या यादीतली प्रत्येक तारीख बरोबर तेवढीच हललेली दिसली तर घाबरू नका. सगळ्या आकड्यांत १४६२ मिळवा किंवा वजा करा.

लिनक्स आणि त्याच्या कुळातल्या प्रणाल्या १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. ज्या जुन्या यंत्रांत ही मोजणी ३२ बिटांत ठेवली आहे, तिथे ती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरून जाईल. नव्या यंत्रांना ही अडचण नाही.

आता कोपऱ्यातल्या तारखेकडे परत पाहा. तिच्यात वार दिसतो का? बहुतेक नसेल. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजन’ उघडा, ‘अॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये ‘डेट’वर जा. छोट्या तारखेचा नमुना तिथे स्वतः टाइप करता येतो. डी हे अक्षर तीनदा लिहिलं की वार दिसतो, कॅपिटल एम तीनदा लिहिलं की महिना अक्षरांत येतो. म्हणजे ‘रवि ०१-जून-२०२५’ अशा धर्तीची तारीख. भाषा ‘मराठी (भारत)’ ठेवलीत तर वार-महिने मराठीत दिसतील.

महिना अक्षरांत यावा असा आग्रह का, हे मनात नीट बसू द्या. ०३/०४ हे दोन आकडे पाहा. मिरजेत बसलेल्या माणसाला हा ३ एप्रिल. न्यू जर्सीत राहणाऱ्या त्याच्या बहिणीच्या संगणकाला ४ मार्च. वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत की दोन्हीकडून वाचता येतात आणि दोन्ही वाचनं बरोबर वाटतात. भारतात तयार झालेली यादी अमेरिकी पद्धतीवर ठेवलेल्या संगणकानं उघडली, की बाराव्या दिवसापर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात. तेराव्या दिवसापासून पुढे तेरावा महिना नसल्यानं यंत्र त्यांना तारीख मानत नाही आणि साधा मजकूर म्हणून सोडून देतं. अर्धी यादी चुकीची, अर्धी निकामी, आणि पडद्यावर इशारा एकही नाही.

ओळखायची खूण एक आहे. सेलमध्ये उजवीकडे टेकलेली तारीख आकडा असते, डावीकडे टेकलेली मजकूर असते. म्हणून तारखांचा रकाना मधोमध आणून सजवू नका, त्या सजावटीत ही खूण पुसली जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, अशी दोनदा लिहायची पद्धत आहे. ज्यांनी ती घातली त्यांना माणसाच्या हातून आकडे कसे फिरतात ते पक्कं ठाऊक होतं. आपल्या शीटमध्येही तारखेशेजारी वाराचा एक रकाना ठेवावा. तो अक्षरी नोंदीचंच काम करतो.

फाइलींची नावं देताना मात्र वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०६-०१. नावानुसार लावलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं उभ्या राहतात, आणि हा नमुना जगात कुठेही दोन प्रकारे वाचला जात नाही. आणखी एक सवय लावून घ्या, वर्षाचे चारही आकडे लिहायची. नुसतं २८ लिहिलं तर एक्सेल ते २०२८ समजतं. १९२८ साली जन्मलेल्या आजीचं वय मग ऋण येतं, किंवा सूत्र चूक दाखवून गप्प बसतं.

एवढं करून घ्या. दोन श्वास थांबा. आता मोजण्याकडे वळू.

पाच दिवसांचा गणपती. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला बसला आणि ३१ ऑगस्टला विसर्जन झालं. संगणकाला ३१ मधून २७ वजा करायला सांगा. तो चार म्हणेल. घरातलं प्रत्येक माणूस पाच म्हणेल. यांपैकी कोण चुकलं? कुणीच नाही. संगणकानं दोन दिवसांमधलं अंतर सांगितलं, आपण आरतीचे दिवस मोजले. बारसं बाराव्या दिवशी असतं, आणि जन्माचा दिवस पहिला धरला जातो. ५ तारखेला जन्मलेल्या बाळाचं बारसं १६ला येतं. सेलमध्ये जन्मतारखेत बारा मिळवाल तर एक दिवस उशीर होईल, अकरा मिळवायला हवेत. औषधाच्या गोळ्या ५ तारखेपासून ११ तारखेपर्यंत रोज एक घ्यायची असेल तर सात लागतील. वजाबाकी सहा सांगेल आणि शेवटच्या दिवशी गोळी नसेल.

म्हणून वजाबाकीचं चिन्ह टाइप करण्याआधी क्षणभर बोट उचलून धरा आणि विचारा: मला अंतर हवं आहे की दिवस हवे आहेत? पहिला दिवस धरायचा का? शेवटचा धरायचा का? कायद्यानंही या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या जागी वेगवेगळी दिली आहेत. १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टप्रमाणे ‘अमुक तारखेपासून’ म्हटलं की ती तारीख सोडून मोजायचं. पण १८७५च्या मेजॉरिटी अॅक्टप्रमाणे वय मोजताना जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरायचा.

या वयाच्या मोजणीचा परिणाम किती घरांनी अनुभवला आहे. ज्याची नोंदलेली जन्मतारीख महिन्याची पहिली, तो सरकारी नोकरीतून आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. इतर सारे आपापल्या महिन्याच्या अखेरीस. १ जून जन्मतारीख असलेल्यांची निवृत्ती ३१ मेला, २ जूनवाल्यांची ३० जूनला. हे सूत्रात बसवायचं तर ते अगदी छोटं होतं. जन्मतारखेतून आधी एक दिवस वजा करायचा, मग, निवृत्तीचं वय अठ्ठावन्न असेल तर, ‘ईओमंथ’ या फंक्शनला त्या अठ्ठावन्न वर्षांचे ६९६ महिने पुढच्या महिन्याची अखेर काढायला सांगायचं. १ जूनला ते ३१ मे देतं, २ जूनला ३० जून. नियम नीट समजला की सूत्र इतकं आखूड होतं, याचा मला नेहमी आनंद वाटतो.

महिना हे माप दिवसासारखं सरळ नाही. ३१ जानेवारी २०२५ नंतर एक महिन्यानं कोणती तारीख येते? एक्सेलचं ‘ईडेट’ म्हणतं २८ फेब्रुवारी. लिनक्सच्या तारखेच्या आज्ञेला एक महिना पुढे जायला सांगितलं तर ती म्हणते ३ मार्च. तिच्या हिशेबी ३१ फेब्रुवारी म्हणजे २८च्या पुढचे तीन दिवस. दोन्ही यंत्रं ठरवलेल्या नियमाप्रमाणेच चालली. हप्त्यांचं वेळापत्रक करताना म्हणूनच प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यावरून काढू नका. ३१ जानेवारीवरून २८ फेब्रुवारी आली, आणि तिच्यावरून पुढची काढली तर २८ मार्च येईल. महिन्याची अखेर कायमची सुटेल. प्रत्येक वेळी मूळ तारखेवरून किती महिने, असं मोजा. वय काढायला ‘डेटडिफ’ चांगलं आहे, पण पूर्ण वर्षांपुरतं. वर्षं आणि महिने सोडून उरलेले दिवस सांगणारा त्याचा प्रकार भरवशाचा नाही. मायक्रोसॉफ्टनंच तो वापरू नका असं म्हटलं आहे.

ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांनी कोपऱ्यातल्या घड्याळावर अजून एक गोष्ट करून घ्यावी. विंडोजमध्ये आपल्या घड्याळाखेरीज आणखी दोन घड्याळं लावता येतात. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, बाराही महिने. न्यूयॉर्कची वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते, म्हणून पुण्याशी तिचं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. वाढदिवस कॅलेंडरमध्ये टाकताना ‘पूर्ण दिवस’ निवडा. सकाळी आठची वेळ दिलीत, तर तिकडच्या फोनवर तो आदल्या रात्री वाजेल.

आपलीही वेळ नेहमी एक नव्हती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईत १९५५ पर्यंत मुंबईची वेळ चालू होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. त्या काळातली जन्मवेळ घरातल्या वहीत लिहिलेली असेल, तर संगणकात भरताना ती कोणत्या घड्याळाची आहे ते शेजारी लिहा.

आता थोडं आणखी मागे जाऊ. ६ जून १६७४. रायगडावरचा राज्याभिषेक. एक्सेलमध्ये ही तारीख टाइप केली तर ती डावीकडे टेकते. १९०० पूर्वीचं त्याला मोजता येत नाही. लिबरऑफिस ती स्वीकारतं आणि वार सांगतं बुधवार. पण राज्याभिषेक शनिवारी झाला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शके १५९६. हे कसं? ६ जून ही जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. रायगडावर आलेले इंग्रज तेच पंचांग वापरत, आणि इंग्लंडनं ते १७५२ साली सोडलं. तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. लिबरऑफिस मात्र १५ ऑक्टोबर १५८२ पासून सगळ्या तारखा नव्या, ग्रेगोरियन पद्धतीच्या धरतं. दोन पद्धतींत १६७४ साली दहा दिवसांचं अंतर होतं. सेलमध्ये दहा मिळवा: १६ जून १६७४. वार: शनिवार. नांदगावच्या दैवज्ञांनी अहर्गण ताडून पाहिला तो याच पद्धतीनं, वारावरून. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० हीदेखील जुन्या पद्धतीची तारीख, नव्या पद्धतीनं ती १ मार्च होते.

इथे बसून राहा थोडं. तारीख चुकीची नव्हती, यंत्र चुकलं नव्हतं. ती तारीख कोण मोजत होतं, एवढंच यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि आता ती तारीख, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे: १ जून.

महाराष्ट्रात एखाद्या जुन्या संस्थेची सभासद-यादी उघडा आणि जन्मतारखेच्या रकान्याला फिल्टर लावा. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांत १ जून पुन्हा पुन्हा येईल. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन गुरुजींसमोर उभा राहायचा, जन्माची नोंद नसायची, गुरुजी उंची आणि दात पाहून वय ठरवायचे आणि वहीत १ जून लिहायचे. तीच तारीख दाखल्यावर आली, नोकरीत आली, आधार कार्डावर आली, आणि आता कुठल्याशा संगणकात सरळ रेषेत उजवीकडे टेकून बसली आहे. तिच्यावरून वय दिवसापर्यंत अचूक निघतं. पण जन्म त्या दिवशी झालेला नाही.

मात्र आईनं सांगितलेलं काहीतरी असतंच. पानशेतच्या पुराच्या आधी. बहात्तरच्या दुष्काळात. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी तू रांगत होतास. ही वाक्यं हवेतली नाहीत, यांनाही तारखा आहेत. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ला, कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे. मूल साधारण सहा ते दहा महिन्यांचं असताना रांगतं. ११ डिसेंबरमधून सहा महिने वजा करा: ११ जून १९६७. दहा वजा करा: ११ फेब्रुवारी १९६७. जन्म या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. त्यात ‘थंडी सरत आली होती’ असं एखाद्या मावशीनं सांगितलं, तर पल्ला आणखी आखडतो. म्हणून अशा माणसासाठी एका तारखेच्या रकान्याऐवजी दोन करा: ‘याच्या आधी नाही’ आणि ‘याच्या नंतर नाही’. दाखल्यावरची तारीख वेगळ्या रकान्यात राहू द्या. कामकाजाला ती लागते आणि कायद्याला तीच चालते.

कुणाला तिथी आठवत असेल तर ती मजकूर म्हणून लिहा: श्रावण शुद्ध पंचमी, शके १८८९. तिला तारखेच्या सेलमध्ये कोंबू नका. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जायला लागणारा वेळ म्हणजे तिथी, आणि तो कधी एकोणीस तासांच्या आसपास असतो, कधी सव्वीस. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, आणि सूर्योदय गावागणिक वेगळा, म्हणून शिकागोतल्या घरी श्राद्धाची तिथी सांगलीच्या आदल्या तारखेला येऊ शकते. तिथलं पंचांग पाहावं लागतं. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला, तेव्हा वद्य पक्षातल्या तिथीला महिना कुठल्या पद्धतीचा तेही लिहा. काही संगणकांत ‘भारतीय राष्ट्रीय’ असा दिनदर्शिकेचा पर्याय असतो. तो २२ मार्च १९५७ पासून सरकारनं घेतलेला शक आहे, सूर्यावर चालणारा. त्याचा १ चैत्र म्हणजे गुढीपाडवा नव्हे, आणि तिथीसाठी त्याचा उपयोग नाही.

तिथी आणि तारीख फार काळ दुरावून राहत नाहीत. दर १९ वर्षांनी त्या पुन्हा जवळपास एकत्र येतात, एखाद्या दिवसाच्या फरकानं. अधिक श्रावण १९६६ मध्ये आला, मग १९८५, २००४ आणि २०२३ मध्ये. त्यामुळे ज्याची तिथी आठवते पण तारीख हरवली आहे, त्याच्यासाठी १९ किंवा ३८ वर्षं पुढचं पंचांग हाती असलं तरी तारखेच्या अगदी जवळ पोहोचता येतं. मग जुनं पंचांग शोधून खात्री करावी.

एवढं वाचून झालं असेल तर शेजारचं कोरं पान आता कोरं ठेवू नका. पाच रकाने करा: नाव, दाखल्यावरची तारीख, याच्या आधी नाही, याच्या नंतर नाही, आणि घरच्यांनी सांगितलेले शब्द. घरात जे सर्वांत वयस्कर असतील त्यांच्याजवळ या आठवड्यात बसा आणि त्यांच्या जन्माबद्दल त्यांच्या आईनं काय सांगितलं होतं ते विचारा. पाऊस होता का, कोणता सण जवळ होता, गावात त्या वर्षी काय घडलं होतं, आधीचं भावंड केवढं होतं. सांगतील ते पाचव्या रकान्यात त्यांच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त करू नका. गणित नंतर केव्हाही करता येईल. ही माहिती कुठल्याही कार्यालयात नोंदलेली नाही, ती फक्त त्यांच्याजवळ आहे. म्हणून आधी ती उतरवून घ्या, आणि फाइलची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा.